स्पॅनिश शब्द खेळातून शिकवायचेत? मग शब्द तोंडातून निघाल्याशिवाय चाल द्यायची नाही

स्पॅनिशच्या तासाला मी पहिल्यांदा मेमरी गेम घेतला, म्हणजे कार्डं पालथी मांडायची आणि दोन-दोन उलटून जोड्या लावायच्या तो, तेव्हा सगळे एकदम खूश होते, पाऊण तास कुणी घड्याळाकडे बघितलं नाही आणि मला वाटलं, जमलं. दोन दिवसांनी तीच बारा चित्रं दाखवून हे काय, ते काय असं विचारलं तर गाय कुणालाच सांगता येईना आणि घोड्याला एकाने कुत्रा म्हटलं. घरी येऊन तो तास डोळ्यांसमोर आणला आणि लक्षात आलं की त्या पाऊण तासात एकानेही स्पॅनिश शब्द उच्चारला नव्हता. उच्चारायची गरजच नव्हती ना, दोन गायी सारख्या दिसतात एवढं कळलं की जोडी मिळत होती. डाव्या कोपऱ्यात वरून दुसरं कार्ड गायीचं हे त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं, पण गायीला बाका म्हणतात हे लक्षात ठेवायचं काही कारणच त्या खेळाने दिलं नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही खेळ घेण्याआधी मी एकच गोष्ट बघते. या खेळातून स्पॅनिश शब्द काढून टाकला तर खेळ तसाच चालू राहतो का? राहत असेल तर तो खेळ मजेचा असेल पण शब्द शिकवायच्या कामाचा नाही. आणि चांगली गोष्ट अशी की बहुतेक खेळ फेकून द्यावे लागत नाहीत, एखादा नियम बदलला की पुरतं. मेमरी गेममध्ये मी एवढंच केलं की कार्ड उलटलं की त्याचं नाव घ्यायचं, आर्टिकलसकट, म्हणजे नामाआधी लागणारा पुल्लिंगी एल किंवा स्त्रीलिंगी ला धरून, नुसतं बाका नाही, ला बाका, आणि नाव नाही आलं तर जोडी जुळली तरी ती परत पालथी. बस. दुसऱ्याने लगेच नाव घेतलं तर जोडी त्याची. आता दुसऱ्याची पाळी असतानाही सगळे कान टवकारून बसतात, कारण समोरचा अडखळला तर आपला फायदा असतो.

यामागचं कारण साधं आहे. शब्द वाचणं, ऐकणं, ओळखणं हे एक काम आणि काहीही समोर नसताना तो आठवून बाहेर काढणं हे दुसरं, आणि पक्का होतो तो दुसऱ्याने. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे तास संपताना सगळ्यांना सगळं येतंय असं दिसणं हा काही पुरावा नाही, खरा हिशोब दोन-चार दिवसांनी होतो, म्हणून मी प्रत्येक तासाची सुरुवात मागच्या वेळच्या कार्डांनी करते, नवीन कार्डं नंतर.

आता कार्डांचं बोलू, कारण बाकी सगळे खेळ त्यावरच उभे आहेत. बाजारातून सेट आणण्यापेक्षा शिकणाऱ्यांना स्वतः बनवायला लावा, चित्र कसंही आलं तरी चालतं. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश शब्द आर्टिकलसकट, एलवाले निळ्या पेनाने आणि लावाले लाल पेनाने, किंवा तुम्हाला आवडतील ते दोन रंग, फक्त शेवटपर्यंत तेच ठेवा. मराठी अर्थ कार्डावर लिहायचा नाही. लिहिला की डोळा आधी तिकडेच जातो आणि चित्र बघून थेट स्पॅनिश आठवायची सवय लागतच नाही. आणि इथे मी सगळं देवनागरीत लिहितेय पण कार्डावर मात्र स्पॅनिश स्पेलिंगच हवं, कारण स्पॅनिशमध्ये एच लिहितात आणि बोलत नाहीत, बी आणि व्ही दोन्हींचा उच्चार एकच, आणि जे या अक्षराचा उच्चार घशातून खरखरीत काढलेला ख. देवनागरीत लिहून पाठ केलं तर लिहायची वेळ येते तेव्हा सगळं नव्याने शिकावं लागतं.

एका वेळी नवीन शब्द आठ ते बारा, त्याच्या वर जाऊ नका. आणि ज्यांची अदलाबदल होऊ शकते ते एकाच दिवशी देऊ नका. इस्क्येर्दा आणि देरेचा, म्हणजे डावं आणि उजवं, एकाच दिवशी शिकवलं की दोन्ही शब्द येतात पण कुठला कुठला ते कायम चाचपडत राहतं. आधी एक पक्का होऊ दे, आठवड्याने दुसरा आणा. तसंच ओम्ब्रे म्हणजे पुरुष आणि आम्ब्रे म्हणजे भूक, किंवा पेरो म्हणजे पण आणि पेर्रो म्हणजे कुत्रा.

मराठी बोलणाऱ्याला स्पॅनिश उच्चार बऱ्यापैकी सोपे जातात हे सुरुवातीलाच सांगून टाका, आत्मविश्वास वाढतो. स्पॅनिशचे टी आणि डी हे आपल्या त आणि द सारखे दातांना जीभ लावून काढायचे, आणि पी, टी, के मध्ये ह मिसळायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग ओळखीच्या शब्दांचा खेळ घ्या, हा माझा लाडका आहे. तुम्ही स्पॅनिश शब्द म्हणायचा आणि बाकीच्यांनी त्याचा मराठीतला नातेवाईक शोधायचा. बिसाग्रा म्हटलं की पाच सेकंदांत कुणीतरी बिजागरी म्हणून ओरडतं, आणि अर्थही तोच. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधून आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तसाच याबे म्हणजे चावी, आणि पागार म्हणजे पैसे देणे, आपला पगार त्यातलाच. काही शब्द तर आपल्या बाजूने तिकडे गेलेत. नारांखा म्हणजे संत्रं, हा संस्कृत नारंगापासून फारसी आणि अरबीतून स्पॅनिशपर्यंत पोचला, आसुकार म्हणजे साखर, तोही शर्करेपासून त्याच वाटेने, आणि आखेद्रेस म्हणजे बुद्धिबळ, मूळ चतुरंग. असे शब्द पुन्हा पाठ करावे लागत नाहीत. फसवे शब्दही त्यातच घालायचे. गातो म्हणजे मांजर, पान म्हणजे ब्रेड. एका मुलीने गाणाऱ्या मांजराचं चित्र काढलं होतं, त्या वर्गात गातो पुन्हा कुणी विसरलं नाही.

आता आर्टिकल, म्हणजे एल आणि ला. इथे मराठीची मदतही होते आणि घातही. मदत अशी की निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही, तो पंखा, ती खुर्ची आपण रोजच म्हणतो. घात असा की आपलं लिंग आपण नकळत तिकडे लावतो. सिया म्हणजे खुर्ची, ला सिया, जुळलं. पण तो चंद्र आणि तिकडे ला लूना, तो हात आणि तिकडे ला मानो, तेही शेवटी ओ असून, कारण एरवी शेवटी ओ असेल तर सहसा एल आणि आ असेल तर ला. ते टेबल, ते घर, ते पुस्तक याचं काय करायचं, कारण स्पॅनिश नामाला नपुंसकलिंग नाहीच, मेसा ला, कासा ला, लिब्रो एल. यासाठी खोलीच्या दोन भिंती घ्या, एक एलची आणि एक लाची. मध्ये सगळे उभे, तुम्ही फक्त चित्र दाखवायचं, बोलायचं नाही. त्यांनी आर्टिकल आणि शब्द मोठ्याने म्हणत त्या भिंतीकडे पळायचं. न बोलता पळाला तर पोचलेला धरायचा नाही, हे कडक ठेवा, नाहीतर सगळे पुढच्याच्या मागे पळतात. मराठीशी न जुळणारे शब्द मुद्दाम जास्त घाला. मानो, लूना असे, आणि त्यांच्या जोडीला शेवटच्या अक्षरावरून फसवणारे मापा आणि दिआ, म्हणजे नकाशा आणि दिवस, जे शेवटी आ असूनही एल आहेत. जागा नसेल तर दोन हात पुरतात, डावा वर म्हणजे एल, उजवा वर म्हणजे ला.

स्पॅनिश बोलणाऱ्यांचे स्वतःचे खेळ वापरायला सगळ्यात जास्त मजा येते कारण त्यात भाषा आधीच मुरलेली असते. मेक्सिकोची लोतेरिया घ्या. ५४ चित्रांची कार्डं, प्रत्येकाकडे चार बाय चारचा तक्ता म्हणजे १६ चित्रं, एकजण कार्ड काढून नाव पुकारतो, ज्याच्याकडे ते चित्र असेल तो त्यावर दाणा ठेवतो, ठरलेली रांग भरली की लोतेरिया म्हणून ओरडायचं. सगळी ५४ एकदम घेऊ नका, सुरुवातीला ला लूना, एल सोल, ला मानो, ला एस्त्रेया, एल आर्बोल, म्हणजे चंद्र, सूर्य, हात, तारा, झाड अशी रोजच्या वापरातली वीस घ्या आणि तक्ते तुम्हीच नऊ घरांचे करा. एल आर्पा हे कार्ड मात्र नक्की ठेवा, आर्पा म्हणजे हार्प हे तंतुवाद्य, शब्द स्त्रीलिंगी आहे पण सुरुवातीच्या आ वर जोर असल्यामुळे एकवचनात एल लागतो, आणि अनेकवचन लास आर्पास. आग्वा म्हणजे पाणी, त्याचंही असंच. या एका कार्डावरून हा नियम समजावता येतो.

पण लोतेरियालाही ती कसोटी लावा. बोलतो फक्त पुकारणारा, बाकीचे नुसते ऐकून दाणा ठेवतात. म्हणून पुकारणारा दर पाच कार्डांनी बदला, आणि जो जिंकला म्हणेल त्याने आपल्या रांगेतली नावं तेंगो, म्हणजे माझ्याकडे आहे, असं म्हणून वाचून दाखवायची, एक जरी चुकलं तर जिंकलेलं धरायचं नाही, खेळ पुढे चालू. मेक्सिकोत पुकारणारे नुसतं नाव घेत नाहीत, कोडं घालतात. सूर्याला ला कोबिखा दे लोस पोब्रेस म्हणतात, गरिबांचं पांघरूण. किती सुंदर आहे हे! तुमच्या वर्गाने पहिल्या महिन्यात असं काही रचावं अशी अपेक्षा नको, पण तीन सोपी वाक्यं जमतात.

एकदा बारा वर्षांच्या एका मुलाने पुकारलं, एस रेदोंदा, गोल आहे. समोरच्या मुलीने दाणा उचलला, सूर्यावर नेला, हवेतच थांबली आणि सरकवून चंद्रावर ठेवला. अजून रंग सांगितला नव्हता, रात्र सांगितली नव्हती. मी विचारलं, कसं कळलं? म्हणाली, रेदोंदा म्हणाला ना, सूर्य असता तर रेदोंदो म्हणाला असता. विशेषण नामाप्रमाणे बदलतं हे मी त्यांना फळ्यावर तीनदा शिकवलं होतं, पण तिला ते उपयोगी पडलं ते त्या क्षणी, एका दाण्यासाठी.

बेओ बेओ तर कुठेही खेळता येतो, काही सामान लागत नाही. एकजण म्हणतो बेओ बेओ, बघतोय बघतोय. बाकीचे विचारतात के बेस, काय बघतोस. ऊना कोसिता, एक छोटीशी वस्तू. ई के कोसिता एस, आणि कुठली ती. एंप्येसा पोर ला, आणि पुढे अक्षर, म्हणजे अमुक अक्षराने सुरू होते. हे ठरलेले संवाद पाठ होतात आणि त्यात क्रियापदांची चार रूपं फुकट शिकून होतात. अगदी नवख्यांना अक्षराऐवजी रंग सांगू द्या.

सिमोन दिसे, म्हणजे सायमन सेज, ज्यात आज्ञेआधी सिमोन दिसे म्हटलं तरच ती पाळायची आणि चुकला तो आऊट, शरीराच्या अवयवांसाठी मस्त आहे. तोकाते ला नारीस, नाकाला हात लाव. लेबांता ला मानो, हात वर कर. स्पॅनिशमध्ये तुझं नाक, तुझा हात असं सहसा म्हणत नाहीत, नुसतं ला नारीस, ला मानो, हे लक्षात आणून द्या. मात्र यातला आऊटचा नियम मी काढून टाकलाय आणि तुम्हीही काढा. विचार करा, आऊट कोण होतो? ज्याला शब्द येत नाहीत तो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच पहिल्या मिनिटात भिंतीला टेकून बसतो आणि ज्याला सगळं येतं तो शेवटपर्यंत खेळतो. त्यापेक्षा चुकला त्याने पुढची आज्ञा द्यायची. म्हणजे चुकलेलाच बोलतो. शिक्षकाने पाच मिनिटांनी आज्ञा देणं सोडलं तरी खेळ चालतो.

लिहायचा सराव हवा असेल तर बास्ता. आपल्या नाव-गाव-फळ-फूलसारखाच, स्पेनमध्ये त्याला स्टॉप म्हणतात आणि अर्जेंटिनात तुत्ती फ्रुत्ती. कागदावर रकाने आखायचे, नाव, देश, प्राणी, फळ, रंग, वस्तू. एकजण मनात अक्षरं म्हणतो, दुसरा थांबवतो, ज्या अक्षरावर थांबला त्याने सगळे रकाने भरायचे, पहिल्याने भरलं की बास्ता ओरडायचं आणि सगळ्यांचे पेन खाली. एकट्याचाच शब्द असेल तर १०, दोघांचा सारखा असेल तर ५. स्पॅनिश वर्णमालेत २७ अक्षरं आहेत, त्यात न वर लाट असलेलं एन्ये वेगळं अक्षर, के आणि डब्ल्यू काढून टाका कारण त्यांनी सुरू होणारे शब्द फारच कमी. या खेळात स्पेलिंगची खरी अवस्था कळते. कुणी बाका बी खाली लिहितो, ते व्हीने सुरू होतं, कुणी ओखा, म्हणजे झाडाचं पान, ओ खाली लिहितो, ते एच ने सुरू होतं. गुण कापा पण मोठ्याने वाचून दाखवा कुठल्या अक्षराने, पुढच्या फेरीत एच आलं की तोच मुलगा पहिला भरतो.

आकड्यांसाठी फाशाचा खेळ हवा. स्पेनमध्ये घरोघरी असतो पार्चीस, ज्याचं नाव आपल्या पच्चिशीवरून गेलंय. सोंगटी बाहेर काढायला पाच पडावे लागतात, दुसऱ्याची सोंगटी मारली की २० घरं पुढे, सोंगटी घरी पोचली की १०. यात नियम एकच घाला, प्रत्येक घर मोजताना स्पॅनिश आकडा मोठ्याने, आकडा चुकला तर सोंगटी तिथेच थांबली. वीस घरं मोजायची म्हणजे ऊनो ते बेइंते पूर्ण पाठ होतं आणि ते एका डावात पाच-सहा वेळा होतं. पुढचे आकडे आपल्याला एका बाबतीत उलटे जातात. आपण एकतीस म्हणतो, आधी एक मग तीस, स्पॅनिश त्रेइंता ई ऊनो, आधी तीस मग एक. म्हणून पासष्ट आणि छप्पन्नची गल्लत होते. यावर उपाय म्हणून दोन फासे घ्या, एक दशकाचा आणि एक एककाचा, टाकले की पडलेला आकडा म्हणायचा. दिलासा असा की तीसच्या पुढे शंभरापर्यंत दशक, ई आणि एकक एवढंच, आपल्यासारखे शंभर वेगवेगळे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

फाशाचा अजून एक फायदा म्हणजे नशीब. नुसत्या ज्ञानावर चालणारा खेळ दोनदा एकानेच जिंकला की बाकीचे मनातून सोडून देतात.

एकट्याने शिकत असाल तर खेळायला कुणी नाही म्हणून अडू नका. सेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये सांगितलेली खोक्याची पद्धत आहे. पाच कप्पे करा, सगळी कार्डं पहिल्यात. चित्र बघून शब्द आला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आला तर कितव्याही कप्प्यात असलं तरी परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने असं बघत जायचं. पाचव्यातून बाहेर पडलेली कार्डं मोजा, तोच तुमचा स्कोअर. अ‍ॅप वापरत असाल तर चार पर्याय दिसायच्या आधी हाताने स्क्रीनचा खालचा भाग झाका, शब्द मोठ्याने म्हणा, मगच हात काढा. नाहीतर बोट बरोबर उत्तर शोधायला शिकतं आणि तोंड तसंच राहतं. आणि दाराला ला प्वेर्ताची चिठ्ठी लावा, म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही, आठवड्याने चिठ्ठी काढा पण नियम चालू ठेवा.

खेळ चालू असताना उच्चार सुधारायला थांबवू नका. कुणी गातो ऐवजी गाटो म्हणाला तर तुम्ही फक्त सी, म्हणजे हो, एल गातो असं नीट म्हणून कार्ड त्याच्या हातात द्या, ऐकतो तो. कार्ड काढ म्हणायला साका ऊना कार्ता म्हणा. स्पेनमध्ये कोखे ऊना कार्ता म्हणतात, पण मेक्सिको, अर्जेंटिना अशा देशांत त्या क्रियापदाचा अर्थ अश्लील होतो, त्यामुळे ते टाळलेलं बरं.

आणि खेळाची स्वतःची भाषा पहिल्या दिवसापासून स्पॅनिशमध्येच ठेवा, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मे तोका, माझी पाळी. ते तोका, तुझी पाळी. ओत्रा बेस, पुन्हा. नो बाले, हे चालणार नाही, म्हणजे आपलं रडीचा डाव म्हणतो ना तेव्हा वापरायचं. ही वाक्यं शिकवावी लागत नाहीत कारण ती त्यांना त्या क्षणी हवीच असतात, पाळी जात असते. परवा मेमरी गेममध्ये एकाने जोडी उचलली आणि घाईत आर्टिकल विसरला, नुसतंच काबायो, म्हणजे घोडा, म्हणाला, तर समोरचे तिघे एकदम ओरडले नो बाले, एल काबायो, एल! कार्डं परत पालथी झाली, मी तर तोंडही उघडलं नव्हतं.